झाडीपट्टीतील सामुदायिक गायन व वार्धक्यातील स्मृती
(आरमोरी परिसराच्या अनुषंगाने)

१. प्रश्नाचे स्वरूप

स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांना ठरावीक वेळी एकत्र बसवावयाचे आणि स्वयंसेवकांनी त्यांच्यासमवेत त्यांच्या ओळखीची गाणी म्हणावयाची, ही पद्धत पाश्चात्त्य देशांत गेल्या दोन दशकांत रूढ झाली आहे. इंग्लंडमध्ये अल्झायमर्स सोसायटीच्या वेस्ट बर्कशर येथील शाखेने २००३ च्या सुमारास अशा बैठकांना आरंभ केला आणि 'सिंगिंग फॉर द ब्रेन' या नावाने त्या पुढे त्या देशात सर्वत्र पसरल्या. या बैठकांना श्रोतृवर्ग नसतो. रुग्ण, त्याची शुश्रूषा करणारी घरची माणसे आणि स्वयंसेवक हे तिघेही एकाच वर्तुळात बसून गातात. गाणे चांगले झाले किंवा कसे, हा प्रश्न तेथे विचारला जात नाही.

या पद्धतीकडे सामान्यतः वैद्यकाच्या किंवा समाजकार्याच्या दृष्टीने पाहिले जाते. तथापि तिच्या मुळाशी एक ऐतिहासिक गृहीतक आहे, त्याची चर्चा क्वचितच होते. एकत्र गाता येण्यासाठी गाणी समान असावी लागतात. आणि स्मृती ढासळल्यावरही ती टिकावयाची तर ती तरुणपणीच, वारंवार आवर्तनाने, अंगवळणी पडलेली असावी लागतात. म्हणजेच आजच्या वृद्धांनी पन्नास ते सत्तर वर्षांपूर्वी कोणाबरोबर, कोठे आणि काय म्हटले, यावर आजच्या बैठकीचे यश अवलंबून राहते. हा प्रश्न इतिहासाचा आहे. प्रस्तुत निबंधात तो चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रधान जिल्ह्यांच्या, विशेषतः आरमोरी परिसराच्या संदर्भात तपासावयाचा आहे. या भागात सामुदायिक गायनाच्या अनेक परंपरा आहेत. त्यांपैकी एक तर सेवाभावी स्वयंसेवकांच्या संघटनेच्या रूपानेच वाढली. परंतु या परंपरा सर्वांच्या सारख्या नव्हत्या. ही विषमता ध्यानात न घेता भरविलेली बैठक काहींना आधार देईल आणि काहींना परके करील, हा या निबंधाचा मुख्य मुद्दा होय.

२. स्मृतिभ्रंश : व्याधी आणि तिची ओळख

मराठीत वार्धक्यातील बुद्धिमांद्यासाठी शब्दांची उणीव नाही. 'साठी बुद्धी नाठी' ही म्हण, 'म्हातारचळ' हा शब्द किंवा 'चळ लागणे' हा वाक्प्रचार घरोघरी परिचित आहे. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात जरेचे सविस्तर वर्णन आले आहे. मात्र या सर्व शब्दप्रयोगांत एक समजूत दृढ झालेली दिसते, ती अशी की, विस्मरण हा वयाचा धर्म आहे, व्याधी नव्हे. या समजुतीचे परिणाम दुहेरी झाले. एका बाजूने वृद्ध माणूस घरातच राहिला, त्याला वेड्यांच्या इस्पितळात धाडले गेले नाही. दुसऱ्या बाजूने त्याच्या दुःखाला नाव मिळाले नाही आणि त्याची शुश्रूषा करणाऱ्या सुनेच्या किंवा लेकीच्या कष्टांनाही मिळाले नाही.

वैद्यकात या व्याधीच्या प्रमुख प्रकाराची नोंद जर्मन वैद्य अलोइस अल्झायमर यांनी नोव्हेंबर १९०६ मध्ये ट्युबिंगेन येथील सभेत केली आणि १९१० मध्ये एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या ग्रंथात तिला अल्झायमर यांचे नाव दिले. भारतात या व्याधीविषयीचे संघटित कार्य पुष्कळ उशिरा, १९९२ मध्ये, केरळातील संस्थेच्या स्थापनेने सुरू झाले. साठ वर्षांवरील भारतीयांच्या राष्ट्रव्यापी पाहणीवर आधारलेला जो अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला, त्याप्रमाणे या वयोगटातील सुमारे ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लक्ष व्यक्तींना स्मृतिभ्रंश आहे. हे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि नगरांपेक्षा ग्रामीण भागात अधिक आढळले. ही व्याधी शहरातील सुखवस्तू घरांची आहे, असा जो समज आहे तो यावरून निराधार ठरतो.

संगीताविषयी दोन गोष्टी वेगळ्या ठेवणे अगत्याचे आहे. पहिली गोष्ट अशी की, चिरपरिचित गाण्यांची स्मृती या व्याधीत तुलनेने उशिरा नष्ट होते. लाइपझिग येथील मॅक्स प्लांक संस्थेतील संशोधकांनी २०१५ मध्ये दाखविले की, परिचित संगीताच्या स्मृतीशी निगडित असलेले मेंदूचे भाग अल्झायमरच्या व्याधीत इतर भागांच्या मानाने कमी झिजतात. नातवाचे नाव न आठवणारी आजी गाण्याचे पालुपद अचूक म्हणते, या घरगुती अनुभवाला यामुळे शास्त्रीय आधार मिळाला. दुसरी गोष्ट अशी की, गाण्यामुळे व्याधी बरी होत नाही. उपलब्ध चाचण्यांचा एकत्रित आढावा २०१८ मध्ये कॉक्रेन संस्थेने प्रसिद्ध केला. त्यात किमान पाच बैठकांनंतर रुग्णांची खिन्नता बहुधा कमी होते, असा निष्कर्ष निघाला; परंतु बुद्धीच्या कार्यावर किंवा क्षोभावर फारसा परिणाम दिसला नाही. हेलसिंकी येथे झालेल्या व २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शुश्रूषा करणाऱ्यांनी रुग्णांसमवेत नित्य गाण्याचे प्रयोग केले, त्यांतही लाभ आढळला. तात्पर्य, समूहगायन हे औषध नव्हे. ज्या माणसाशी संवादाचे बहुतेक मार्ग बंद झाले आहेत, त्याच्यासाठी उघडा राहिलेला तो एक मार्ग आहे. त्यापेक्षा मोठा दावा करणे योग्य नाही आणि त्यापेक्षा लहान मानण्याचेही कारण नाही.

३. आरमोरी परिसर आणि गाण्याचे स्तर

आरमोरी हे गाव वैनगंगेच्या पूर्वेस, ब्रह्मपुरीहून गडचिरोलीकडे जाणाऱ्या मार्गावर वसले आहे. नदीच्या पलीकडे चंद्रपूर जिल्हा लागतो. हा सर्व मुलूख पूर्वी एकाच चांदा जिल्ह्यात मोडत असे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा वेगळा झाला. जुना किल्ला असलेले वैरागड याच तालुक्यात आहे. भात हे मुख्य पीक, जंगलातील कोसा व मोहफूल हे पूरक उत्पन्न, आणि झाडीबोली ही बहुसंख्यांची घरगुती भाषा; पूर्वेकडे सरकावे तसतशी गोंडी व माडिया या भाषांची वस्ती दाट होत जाते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांचा हा पट्टा झाडीपट्टी या नावाने ओळखला जातो.

येथील गाण्याचे स्तर स्थूलमानाने चार मानता येतील. पहिला स्तर श्रमगीतांचा. जात्यावरची गाणी, कांडणाची गाणी आणि पावसाळ्यात धानाच्या रोवणीच्या वेळी बांधीत रांगेने वाकून म्हटलेली गाणी ही प्रायः स्त्रियांची. दुसरा स्तर भजनाचा. त्याला गावातील मंदिर, पार किंवा एखाद्याची ओसरी हे स्थान, आणि तो मुख्यतः पुरुषांचा. तिसरा स्तर रंजनाचा. दिवाळीनंतर भरणाऱ्या मंडईच्या जत्रा, दंडार, खडी गंमत आणि रात्रभर चालणारी झाडीपट्टीची संगीत नाटके यांत तो दिसतो. या नाटकमंडळ्यांचे केंद्र आरमोरीला लागूनच असलेले वडसा होय, आणि या रंगभूमीवरील ज्येष्ठ नट परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाल्याने तिची कीर्ती राज्याबाहेरही गेली. चौथा स्तर गोंड व माडिया समाजाच्या रेला गीतांचा. हातात हात गुंफून, एका लयीत पावले टाकीत ही गीते म्हटली जातात, आणि तरुणांच्या शिक्षणाचे केंद्र असलेल्या गोटुलाशी त्यांचे नाते आहे.

या चारही स्तरांत एक समान सूत्र आहे. एकाने ओळ उचलावयाची व इतरांनी ती झेलावयाची, आणि पालुपद पुन्हापुन्हा घोळवावयाचे. नाटकातील पदे सोडल्यास म्हणणारा व ऐकणारा असा भेद येथे फारसा नसतो. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला नवीन ओळ शोधून काढणे कठीण जाते, पण समोरच्याने उचललेली ओळ झेलणे पुष्कळ काळ साधते. आवर्तनाची ही रचना श्रमाच्या, भक्तीच्या व नृत्याच्या गरजेतून निर्माण झाली. वार्धक्यात ती उपयोगी पडावी हा तिचा हेतू नव्हता. असे असले तरी तिचा उपयोग होण्याजोगा आहे.

४. सामुदायिक प्रार्थना व सेवकाची कल्पना

दुसऱ्या स्तराला विसाव्या शतकात जी नवी शिस्त व व्याप्ती लाभली, तिचे श्रेय राष्ट्रसंत तुकडोजी महाराज (१९०९-१९६८) यांना द्यावे लागते. अमरावती जिल्ह्यातील यावली येथे जन्मलेल्या आणि वरखेडच्या आडकोजी महाराजांना गुरू मानणाऱ्या या संताने खंजिरी हे साधे वाद्य घेऊन मराठी व हिंदी भजनांतून लोकशिक्षण केले. १९३५ मध्ये मोझरी येथे गुरुकुंज आश्रमाची स्थापना झाली. पुढील वर्षी गांधीजींच्या निमंत्रणावरून ते सेवाग्रामला राहिले. ऑगस्ट १९४२ मध्ये चांदा जिल्ह्यातील चिमूर येथे जो उठाव झाला, त्यामागे त्यांच्या भजनांची प्रेरणा होती, असे सरकारने मानले. त्यांना अटक होऊन नागपूर व रायपूर येथील तुरुंगांत ठेवण्यात आले. म्हणजे या भागात सामूहिक गाणे ही केवळ भक्तीची बाब राहिली नव्हती; राज्यकर्त्यांना तिची धास्ती वाटावी इतके बळ तिच्यात आले होते.

श्रीगुरुदेव सेवा मंडळाच्या शाखा विदर्भाच्या खेडोपाडी निघाल्या आणि सामुदायिक प्रार्थना हा त्यांचा नित्याचा कार्यक्रम ठरला. १९५५ मधील 'ग्रामगीते'त प्रार्थनेबरोबरच ग्रामशुद्धी, ग्रामआरोग्य, श्रम व सेवा यांचाही विचार मांडला गेला. त्यामुळे प्रार्थनेला बसणारा माणूस सकाळी गाव झाडणाराही असावा, ही अपेक्षा रूढ झाली. भगवी टोपी घातलेला 'सेवक' ही व्यक्ती त्यातून आकारास आली. भजनी मंडळातील टाळकरी व हा सेवक यांत एक महत्त्वाचा भेद आहे. टाळकऱ्याचे कर्तव्य गाण्याशी संपते, तर सेवकाचे कर्तव्य गाण्यापासून सुरू होते.

प्रार्थनेची रचना पाहता चार वैशिष्ट्ये नजरेत भरतात. वेळ निश्चित, ती सूर्यास्ताची. जागा निश्चित. क्रम निश्चित, त्यात रोज नवे काही योजावयाचे नाही. आणि बैठक सर्व जातिधर्मांच्या लोकांना खुली असावी, हा दंडक. आता स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी भरणाऱ्या बैठकांची अपेक्षा पाहावी. तेथेही ठरलेली वेळ, ओळखीची जागा, न बदलणारा आरंभ व शेवट आणि कोणाचीही परीक्षा न घेणारी मंडळी, याच गोष्टींवर भर असतो. वेळेच्या बाबतीत आणखी एक साम्य लक्षणीय आहे. या व्याधीत दिवस मावळताना अनेक रुग्णांची अस्वस्थता वाढते. घरातच असून 'घरी जायचे' असा धोशा ते लावतात. सायंप्रार्थनेची वेळ नेमकी तीच आहे. प्रार्थनेने ही अस्वस्थता शमते असे सिद्ध झालेले नाही. तथापि ज्या माणसाने तारुण्यात दिवस मावळला म्हणजे प्रार्थनेच्या रांगेत जाऊन बसावयाचे हा नेम पाळला, त्याला त्या घटकेला कोठे जावे हे सांगणारी एक जुनी सवय शरीरात असते. तिला साद घालणे हे त्याला खोलीत थोपवून धरण्यापेक्षा अधिक माणुसकीचे आहे.

येथे एका मोहापासून सावध राहिले पाहिजे. 'आमच्या परंपरेत हे उपचार पूर्वीपासूनच होते' असे विधान करणे इतिहासाला धरून होणार नाही. सामुदायिक प्रार्थना निर्माण झाली ती गाव जागे करण्यासाठी. व्यसन, अस्पृश्यता व आळस यांच्याविरुद्ध. वृद्धांच्या विस्मरणाचा विचार तिच्यामागे नव्हता. तिने मागे ठेवले ते साधन. त्याचा हा उपयोग पुढच्या पिढीने करावयाचा आहे.

५. कोणाची गाणी?

काळाचे गणित मांडले म्हणजे विषयाची निकड स्पष्ट होते. मानसशास्त्राचा सामान्य अनुभव असा की, साधारणतः दहाव्या ते तिसाव्या वर्षापर्यंतच्या आठवणी वार्धक्यात सर्वांत ठळक राहतात. १९४० च्या सुमारास जन्मलेली व्यक्ती आज पंच्याऐंशीच्या घरात आहे. 'ग्रामगीता' निघाली तेव्हा ती पंधरा वर्षांची होती आणि तुकडोजी महाराजांचे निधन झाले, तेव्हा अठ्ठावीस वर्षांची. म्हणजे त्यांच्या भजनांना प्रत्यक्ष बसलेली पिढी नेमकी आज स्मृतिभ्रंशाच्या वयात आहे. तिला ती भजने पाठ असणार. परंतु हे विधान या पिढीतील सर्वांना लागू पडत नाही. त्याला तीन अपवाद आहेत, आणि तेच येथे अधिक विचार करण्याजोगे आहेत.

पहिला अपवाद बौद्ध समाजाचा. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे आणि १६ ऑक्टोबर रोजी चांदा येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अनुयायांना धम्मदीक्षा दिली. दीक्षा देण्यासाठी नागपूरनंतर त्यांनी निवडलेले ठिकाण याच जिल्ह्यातील होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. दीक्षेबरोबर जुने देव गेले, आणि देवांबरोबर त्यांची गाणीही निश्चयपूर्वक टाकून देण्यात आली. त्यांच्या जागी पाली वंदना आली, भीमगीते आली. १९४० मध्ये जन्मलेल्या बौद्ध स्त्रीच्या स्मृतीत म्हणून दोन थर आहेत. सोळाव्या वर्षापर्यंतचा एक आणि त्यानंतरचा दुसरा. दुसरा थर तिने व तिच्या समाजाने स्वाभिमानाची किंमत मोजून मिळविलेला आहे. स्मृतिभ्रंशात कोणता थर वर येईल हे सांगता येत नाही. बालपणीचे एखादे देवाचे गाणे तिच्या ओठांवर आपोआप आले, तर घरच्यांना संकोच वाटण्याचा संभव आहे. आणि स्वयंसेवकाने ते गाणे उचलून धरले व पुढच्या बैठकीत पुन्हा म्हणवून घेतले, तर तिने जाणीवपूर्वक केलेला त्याग तिला न विचारता मोडीत काढल्यासारखे होईल. उलटपक्षी तिच्या तोंडून आलेले गाणे दडपणेही क्रूरपणाचे आहे. यातला मार्ग असा दिसतो की, बैठकीतील गाण्यांची निवड तिने सज्ञान असताना स्वीकारलेल्या जीवनातून करावी, आणि त्यापलीकडे जे तिच्याकडून आपोआप येईल ते ऐकून घ्यावे. त्याचा प्रयोग करू नये.

दुसरा अपवाद स्त्रियांचा. महिलांची भजनी मंडळे आज गावोगावी दिसतात. परंतु या पिढीतील अनेक स्त्रियांचे मूळ गाणे सभेतले नव्हते. ते पहाटे जात्यापाशी, एकटीने किंवा समोरासमोर बसलेल्या दोघींनी म्हटलेले होते. हेमा राईरकर व गी पॉइतव्हँ यांनी महाराष्ट्रातील जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्यांचा जो संग्रह केला, त्यावरून या गाण्याचे खाजगीपण पुरेसे स्पष्ट होते. माहेर, भाऊ, सासुरवास, मूल, या विषयांवर पुरुषांच्या कानी न जाता बोलण्याची ती जागा होती. पिठाची गिरणी गावात आली आणि जात्याबरोबर ते गाणेही थांबले. अशा स्त्रीला वीस जणांच्या वर्तुळात, पुरुषांच्या पट्टीत, खंजिरीच्या ठेक्यावर गावयास लावणे म्हणजे तिची स्मृती जागविणे नव्हे. तिच्यासाठी बैठकीचे स्वरूपच निराळे हवे. समोर दुसरी स्त्री हवी, दोघींचे हात एका खुंट्यावर असावेत, आणि आवाज हळू असावा. जात्याच्या फेऱ्यात शब्द आणि हाताची गती ही एकमेकांना जोडलेली असतात. गती दिली तर शब्द येण्याचा संभव वाढतो.

तिसरा अपवाद गोंड व माडिया वृद्धांचा. त्यांनी शाळेत, बाजारात, कचेरीत मराठी आत्मसात केली. पण ती मागाहून आली. मागाहून शिकलेली भाषा या व्याधीत बहुधा आधी विरते आणि माणूस आपल्या पहिल्या भाषेकडे परततो. मराठी भजनाच्या बैठकीत असा वृद्ध गप्प राहिला तर त्याची व्याधी बळावली असा निष्कर्ष काढला जाईल. वस्तुतः त्याच्यापुढे ठेवलेले गाणे त्याचे नसेल. शिवाय रेला गीत बसून म्हणावयाचे नसते. हातात हात आणि पायांत ताल असल्याशिवाय ते पुरे होत नाही. पायांतले बळ गेले असले तरी हाताला हात देणे शक्य असते.

या तिन्ही उदाहरणांवरून एकच गोष्ट निष्पन्न होते. सामुदायिक प्रार्थनेचा दंडक सर्वसमावेशक होता, आणि त्या काळात तो दंडक घालणे हेच धाडसाचे होते. पण दंडक सर्वसमावेशक असला म्हणून गाणे सर्वांचे झाले असे होत नाही. निरोगी माणूस आपले नसलेले गाणेही सौजन्याने म्हणू शकतो किंवा उठून जाऊ शकतो. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला यांपैकी काहीच करता येत नाही. म्हणून निवडीची जबाबदारी सर्वस्वी गावयास बसविणाऱ्यांवर येते.

६. स्वयंसेवकाचे काम

या दृष्टीने पाहिले असता स्वयंसेवकाच्या कामाचे दोन भाग पडतात, आणि त्यांपैकी पहिला बैठकीच्या आधीचा आहे. रुग्णाचे जन्मवर्ष, जन्मगाव, माहेरची बोली, शाळा, धर्मांतराचे वर्ष, कोणत्या मंडळात बसणे-उठणे होते, कोणती नाटके पाहिली, या गोष्टींची चौकशी त्याला करावी लागते. रुग्णाला विचारून ती होत नाही, कारण विचारणे हीच त्याला परीक्षा वाटते. भावंडे, जोडीदार, शेजारी, जुने सोबती यांच्याकडून ती मिळवावी लागते. मौखिक इतिहासाच्या अभ्यासकाला हे काम परिचित आहे. फरक इतकाच की, येथे माहिती मिळवून टिपण तयार होत नाही. गाणे शिकावयाचे असते. वीस वर्षांच्या तरुणाने पंच्याऐंशी वर्षांच्या माणसाचे गाणे त्याच्याच चालीत, त्याच्याच बोलीच्या उच्चारांत शिकणे ही सेवेची पहिली अट ठरते.

दुसरा भाग प्रत्यक्ष बैठकीचा. वृद्धांचा आवाज खाली उतरलेला असतो. पट्टी त्याप्रमाणे उतरवावी लागते. लय संथ ठेवावी लागते. ओळ टाकल्यावर थांबावे लागते, आणि हे थांबणे नवख्याला सर्वांत कठीण जाते. ध्वनिवर्धक टाळावा, कारण त्याने आवाज कोणाचा व कोठून येतो हे रुग्णाला उमगत नाही आणि मंडळी श्रोते होऊन बसतात. चूक दुरुस्त करू नये. 'हे कोणाचे भजन आहे, सांगा पाहू' असा प्रश्न विचारू नये. एखाद्याने केवळ टाळी दिली किंवा ओठ हलविले, तरी तो गातो आहे असेच धरावे. आणि बैठकीला आलेल्या सुनेला किंवा मुलीलाही वर्तुळात जागा द्यावी. दिवसभर ती ज्याला आठवण करून देत असते, तोच माणूस या तासाभरात तिच्या आधी ओळ उचलताना तिला दिसतो. हा तास तिचाही असतो.

असे काम सामान्य ग्रामस्थ करू शकतील काय, ही शंका या जिल्ह्याच्या बाबतीत तरी घेण्याचे कारण नाही. डॉ. अभय व राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोली जिल्ह्यातील ३९ खेड्यांत गावच्याच अल्पशिक्षित स्त्रियांना नवजात बालकांच्या घरगुती शुश्रूषेचे शिक्षण दिले, आणि बालमृत्यूंत त्यामुळे झालेली घट १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकातून जगापुढे आली. तो अनुभव जीवनाच्या आरंभाविषयीचा होता. जीवनाच्या अखेरीसही नेटके शिक्षण मिळालेला शेजारी पुष्कळ काही करू शकतो, असे त्यावरून अनुमान करावयास हरकत नाही. सेवा मंडळाच्या शाखा, महिला भजनी मंडळे, बौद्ध विहारांतील मंडळी, गोटुलाची जाण असलेले तरुण आणि नाटकमंडळ्यांतील हार्मोनियमवाले ही या कामाची मनुष्यशक्ती गावात हजर आहे. तिला एकत्र आणणारा अभ्यास मात्र व्हावयाचा आहे.

७. उपसंहार

हा अभ्यास पुढे ढकलण्याजोगा नाही, कारण त्याची साधने माणसे आहेत. १९५० च्या आगेमागे जन्मलेल्यांची गाणी वेगळी असतील. आकाशवाणीचे नागपूर केंद्र १९४८ मध्ये सुरू झाले. त्यानंतर वाढलेल्या पिढीच्या स्मृतीत चित्रपटगीते व नाट्यपदे यांचा वाटा मोठा असणार. त्याही पुढची पिढी ध्वनिफितीवर वाढली. तिने गाणी ऐकली अधिक आणि म्हटली कमी. जिने आयुष्यभर गाणी फक्त ऐकली, त्या पिढीला वार्धक्यात एकत्र गावयास बसविणे कितपत साधेल, हा प्रश्न आज विशी-तिशीत असलेल्यांचा आहे.

गोंडवाना विद्यापीठ २०११ मध्ये गडचिरोली येथे स्थापन झाले आणि नागपूर विद्यापीठाला २००५ पासून तुकडोजी महाराजांचे नाव आहे. या दोन्ही विद्यापीठांच्या क्षेत्रात इतिहास, मराठी व समाजकार्य या विषयांचे पदव्युत्तर विद्यार्थी गावोगावचे रहिवासी आहेत. त्यांनी आपापल्या गावातील पंचाहत्तरीपुढील व्यक्तींची जन्मवर्षानुसार गीतसूची तयार करावी. समाज, लिंग व भाषा यांच्या नोंदीसह, ज्याचे गाणे आहे त्याची किंवा त्याच्या घरच्यांची संमती घेऊन. अशी सूची लोकसाहित्याच्या संग्रहाला पूरक ठरेल यात संशय नाही. परंतु तिचा मुख्य उपयोग कपाटात नाही. उद्या एखाद्या घरातील वृद्धाला आपले नाव सांगता येईनासे होईल, तेव्हा त्याच्यासमोर बसून कोणती ओळ उचलावी हे त्या गावातील कोणाला तरी ठाऊक असले पाहिजे.